उजळलेल्या पेशी

ताईंना आमच्या प्रयोगशाळेत सगळे ताईच म्हणत, अगदी संचालकसुद्धा. काचेच्या बशांमध्ये यकृताच्या पेशी वाढवायच्या, हे त्यांचं काम. पेशींना त्या पोरं म्हणत. "आज पोरं रुसलीत," असं म्हणून त्यांचं खाणं बदलत, आणि आम्ही हसायचो.

या पेशींवर औषधं आणि वनस्पतींचे अर्क टाकून बघायचे. काही अर्क यकृतातलं एक जनुक जागं करतात. मग यकृत अंगातली दुसरी औषधं भराभर मोडून टाकतं. आमच्या पेशी अशा घडवलेल्या की ते जनुक जागं झालं की त्या उजळतात.

ताईंनी धाकट्या भावाला एक किडनी दिली होती. तेव्हापासून वाकताना त्यांचा हात कुशीवर जायचा. शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी भावाला रोज गोळ्या होत्या. पण रक्तातलं औषध कमी कमी होत गेलं. डॉक्टर म्हणाले, हा गोळ्या चुकवतोय. ताईंनाही तेच वाटलं, आणि त्या त्याला नको नको ते बोलल्या. "घेतो गं ताई," एवढंच तो म्हणायचा. डोस वाढवला, तरी किडनी गेली.

इस्पितळात लागणारे कपडे आणायला ताई त्याच्या घरी गेल्या. ओट्यावर वाळलेल्या पिवळ्या फुलांचा डबा होता.

"उदास असतात ना हे, म्हणून याचा चहा देते," भावजय म्हणाली. "झाडपालाच तो. आला तर गुणच येईल."

डॉक्टरांनी आणखी कुठली औषधं घेतो असं विचारलं, तेव्हा चहा सांगायचं कुणाच्या डोक्यात येणार?

ताईंनी मूठभर फुलं आणली, अर्क काढून पेशींवर टाकला. दुसऱ्या दिवशी सगळी बशी उजळली. मी शेजारीच होते. कुणीतरी म्हणालं, काखेत कळसा नि गावाला वळसा. त्या माणसाशी मी अजून बोलत नाही.

ताईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. भावजयीला मात्र "चहा जुना झालाय, टाकून दे," एवढंच म्हणाल्या. मग भावाजवळ बसून विचारलं, "इतका उदास कशानं होतास रे?"

हे मला सांगताना ताई हमसून हमसून रडल्या. तो म्हणाला होता, "तू वाकताना कुशीवर हात ठेवायचीस ना, ते बघवायचं नाही गं मला."