डच भावजी

आयुष्यातला जास्तीत जास्त वेळ जमिनीला पाय न लावता काढलेला माणूस म्हणून उद्या कुणाचा सत्कार करायचं ठरलं, तर वैमानिक, हवाई सुंदऱ्या आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष या सगळ्यांना मागे टाकून तो नारळ आमचे डच भावजी घेऊन जातील. मोटोक्रॉस नावाचा एक खेळ आहे. मातीच्या ढिगाऱ्यांवरून मोटरसायकल भरधाव न्यायची, ढिगारा संपला की गाडीसकट हवेत जायचं आणि परत येताना गाडी आपल्या खालीच असेल अशी आशा धरायची, एवढंच त्यातलं मला कळलेलं शास्त्र. भावजी हा खेळ पोटासाठी खेळत. हॉलंडच्या दक्षिणेला वाळूच्या कुठल्याशा गावात त्यांचा जन्म. सायकल शिकायच्या आधी मोटरसायकल शिकले. युरोपातली मैदानं पालथी घातल्यावर एका अमेरिकन संघाने त्यांना इकडे आणलं, संघाचं वर्कशॉप मिशिगनात म्हणून ते नोव्हायला, आमच्या शेजारच्या घरात राहायला आले. इतक्या वर्षांत ते दुसरे आले, तिसरे आले, कित्येकदा नुसतेच दवाखान्यात आले, पण इथली मोठी शर्यत पहिल्या नंबराने काही जिंकले नाहीत.

भावजी हे नाव माझ्या बायकोने दिलं. ती नागपूरची, आणि इथल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. माझा कुणीही मित्र तिचा भावजी होतो, त्यात गोरा-सावळा असा भेद ती करत नाही. या गृहस्थांनी नात्याची नीट चौकशी केली, होकारार्थी मान हलवली आणि त्या दिवसापासून तिला वहिनी म्हणायला लागले. पुढे मीही त्यांना भावजीच म्हणायला लागलो. त्याला नात्याच्या दृष्टीने काडीचा अर्थ नाही, हे मला मंडळातल्या तीन काकूंनी वेगवेगळं बोलावून सांगितलं आहे.

ओळख झाली ती आमच्याच चुकीने. ते राहायला आले त्या दिवशी ड्राइव्हवेवर दोन शब्द बोलून मी सवयीने म्हणालो, “या एकदा चहाला.” आपल्यात या वाक्याचा अर्थ ‘बराय, निघतो आता’ असा होतो, हे लहान मुलालाही कळतं. भावजींनी खिशातून फोन काढला, कॅलेंडर उघडलं आणि विचारलं, “कधी?” मी म्हणालो, “केव्हाही या हो, घर तुमचंच आहे.” ते म्हणाले, “केव्हाही ही वेळ नाही.” शेवटी पुढच्या शनिवारचे चार ठरले. अर्थातच मी ते विसरलो. शनिवारी चारच्या ठोक्याला दार वाजलं, तेव्हा बायको डोक्याला तेल थापून बसली होती आणि मी लुंगीवर डिशवॉशर दुरुस्त करत होतो. दारात इस्त्रीच्या शर्टात, हातात ट्युलिप घेऊन भावजी उभे. त्यांना आमच्या अवताराचं काही वाटलं नाही. चहाबरोबर एक चकली घेतली. बायकोने दुसरी पुढे केली तर “नको” म्हणाले. तिने पुन्हा केली, पुन्हा नको. तिने त्यांच्या बशीत चार टाकल्याच. भावजींनी बशीकडे बराच वेळ पाहिलं आणि अगदी अभ्यासू चेहऱ्याने विचारलं, “तुमच्याकडे कितव्यांदा नको म्हटलं की ते नको धरतात?” बायको म्हणाली, “धरतच नाही आम्ही. खा मुकाट्याने.” त्यांनी खाल्ल्या. वर तोंड करून सांगितलं की दुसरी पहिलीपेक्षा कमी तळलेली होती.

असल्या सांगण्याने त्यांनी नोव्हायमध्ये जेवढी उलथापालथ केली तेवढी त्यांच्या मोटरसायकलने केली नसेल. खरं बोलण्यात काही धाडस असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांना मंडळाच्या गणपतीला नेलं. तिथे दरवर्षी एक डेट्रॉइटचे सद्गृहस्थ तास-दीड तास नाट्यगीतं म्हणतात आणि आम्ही सगळे दरवर्षी “यंदा आवाज काय लागला होता!” असं म्हणून जेवायला पळतो. त्यांनी भावजींना कौतुकाने विचारलं, “कसं वाटलं?” भावजी म्हणाले, “लांब. आणि सुरुवातीला तुम्ही बरे होतात, मग दमलात. दमलात तेव्हा थांबायला हवं होतं.” सगळे एकदम आपापल्या चपला शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी मात्र मला कमीत कमी दहा घरांतून फोन आले, “अरे यार, त्या तुझ्या डचला पुढच्या वर्षी नक्की आण.” बायकोच्या वाढदिवसाला तर त्यांनी आधी माझं अभिनंदन केलं, मग व्हिडिओ कॉलवर असलेल्या माझ्या सासूबाईंचं केलं, आणि मग प्रत्येक पाहुण्याशी हस्तांदोलन करून ‘वहिनींच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन’ असं म्हणत हॉलभर फिरले. त्यांच्याकडे तशी पद्धतच आहे. सासूबाईंना ती इतकी पटली की त्या अजून मला विचारतात, “त्या दिवशी तुम्ही का नाही केलं माझं अभिनंदन?”

त्यांची कालगणना हाडांवर चालत असे. साल विचारलं तर सांगता येत नसे. “ते ना, डाव्या खुब्याच्या आधी,” किंवा “उजवं मनगट मोडलं त्या उन्हाळ्यात आईबाबा आले होते,” असं बोलत. एकदा त्यांनी आपले सगळे एक्स-रे आणून आमच्या खिडकीला लावून दाखवले. कुठे पट्टी, कुठे सळई, कुठे स्क्रू. बायको बघत राहिली आणि म्हणाली, “भावजी, तुमच्या बॉडीत जेवढं मटेरियल आहे ना, तेवढ्यात यांच्या कंपनीची एक कार निघेल.” ती त्यांच्यावर फुकट उपचार करायची, आणि भावजी व्यायाम चुकवायचे नाहीत. उपचारातून सुटायचे त्याच दिवशी सरावाला जायचे, ही अडचण होती. दसऱ्याला आमच्या मिनीव्हॅनबरोबर तिने त्यांच्या मोटरसायकलचीही पूजा केली, हळदकुंकू लावलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवून सांगितलं, “आता यावरून हळूच पुढे घ्या.” हळूच या शब्दाचा त्यांना सराव नव्हता. चाक जागच्या जागी फिरलं आणि लिंबू मागच्या माझ्या गॅरेजच्या दारावर असं बसलं की तिथे पोचा आला. भावजी खूश होऊन म्हणाले, “देव स्ट्राँग आहे.”

मी नोकरीने ब्रेक इंजिनिअर. गाडी कशी थांबेल हे बघण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या गाडीत शेजारी बसून ते ऑफिसच्या रस्त्याने आले की म्हणत, “या स्पीडला मोटरसायकल उभी राहत नाही, पडते.” अशा माणसाने नेमका मला सल्ला विचारावा, ही माझ्यावर वेळ आली. गेल्या वसंतात त्यांचा करार संपला आणि नवा मिळाला नाही. वय झालं होतं. त्याच सुमारास सर्जननी डाव्या खुब्याबद्दल स्पष्ट सांगितलं: आणखी एकदा असंच पडलात तर स्वतःच्या पायांनी चालाल याची खात्री नाही. भावजींनी ऐकून घेतलं. आणि मग उन्हाळ्यात जुन्या संघाचा फोन आला. त्यांचा एक खेळाडू जखमी झाला होता, मिशिगनच्या शर्यतीपुरता बदली हवा होता. मैदान वाळूचं होतं, म्हणजे भावजींच्या घरचंच. पहिला नंबर आला तर पुढची दोन वर्षं पक्की, असं संघाने सांगितलं.

ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि म्हणाले, “मला खरं सांगा. जाऊ का?”

मी म्हणालो, “हे बघा, दोन्ही बाजूंनी विचार केला तर, म्हणजे, तसं पाहिलं तर…”

“हे उत्तर नाही,” भावजी म्हणाले, आणि बायकोकडे वळले.

ती कणीक मळता मळता थांबली. “नका जाऊ,” ती म्हणाली. “सीरियसली सांगते भावजी. मी तो खुबा रोज हाताने बघून राहिले. नका जाऊ.”

“थँक यू, वहिनी,” ते म्हणाले. “मी जाणार.”

“मग विचारलं कशाला?”

“खरं काय ते माहीत असलेलं बरं.”

शर्यतीच्या सकाळी बायकोने देवापुढे दिवा लावला आणि हात जोडून नुसतीच उभी राहिली. मला म्हणाली, “मागू काय? जिंकले तर आणखी दोन वर्षं पडतील. हरले तर संपलंच त्यांचं.” तिने शेवटी काय मागितलं ते मी विचारलं नाही.

मैदानावर भावजींचा मेकॅनिक हात प्लास्टरमध्ये घालून उभा होता. त्या संघात ही साथच असावी. पुढून जाणाऱ्या आपल्या खेळाडूला फळ्यावर निरोप लिहून दाखवायचा, हे त्याचं काम त्या दिवशी माझ्याकडे आलं. मी पहिल्या फेरीला सुवाच्य इंग्रजीत लिहिलं: ‘आतापर्यंत उत्तम. झाडाजवळच्या वळणावर ओल आहे, कृपया काळजी घ्यावी.’ ऑफिसच्या ईमेलखाली घालतो तशी ‘आपला’ लिहून खाली सहीही करणार होतो. भावजी पुढून गेले, फळ्यावर वाळूचा सडा पडला. मेकॅनिक ओरडला, “डूड! तो वाचायला थांबणार आहे का? एक शब्द!” पुढे मी त्यांचा नंबर तेवढा लिहीत गेलो. सातवे. चौथे. मग दुसरे. वाळूत बाकीचे रुतत होते, भावजी मात्र घरच्या अंगणातून चालल्यासारखे जात होते. बायको शेजारी उभी राहून मुठी आवळून ओरडत होती. काय ओरडत होती ते तिलाही कळत नव्हतं.

शेवटची फेरी आली तेव्हा ते पहिल्याच्या पाठीला लागले होते. आमच्या पुढेच तीन ढिगारे होते. पहिला खेळाडू दमला होता, दोन फेऱ्या तो दोनच ढिगारे ओलांडून तिसऱ्यावरून चाक टेकवत जात होता. भावजी दिवसभर तिन्ही एका उडीत घेत आले होते. आताही तशी उडी घेतली की ते पुढे निघणार, हे मलासुद्धा दिसत होतं. “लिही!” मेकॅनिक म्हणाला. “गो!” माझा खडू चालेना. मी बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “लिहा,” ती म्हणाली. “जाऊ द्या त्यांना.” मी फळाभर अक्षरात ‘गो’ लिहिलं आणि फळा डोक्यावर धरला.

भावजींनी वाचलं. मान किंचित हलली. गाडी पहिल्या ढिगाऱ्यावर चढली, इंजिनचा आवाज वर गेला आणि मधेच खाली आला. ते दोन ढिगारे ओलांडून उतरले, तिसऱ्यावरून चाक टेकवून गेले, आणि दुसरे आले.

गाडी ट्रकपाशी उभी करून ते मागच्या फळीवर बसले. मुठी वळलेल्या होत्या; इतका वेळ हँडल धरल्यावर बोटं उघडत नाहीत. बायको खाली वाळूत बसून त्यांच्या बुटांची बक्कलं सोडवायला लागली.

“फळा दिसला नाही का?” मी विचारलं.

“दिसला. अक्षर चांगलं आहे,” ते म्हणाले. “मी जाणारच होतो. हाताने अ‍ॅक्सिलरेटर सोडला. मला विचारलं नाही त्याने.” मग आपल्या न उघडणाऱ्या मुठींकडे बघून म्हणाले, “एकदा त्याने स्वतःहून सोडला की परत गाडीवर बसायचं नसतं. झालं माझं.”

त्यांनी बायकोला विचारलं, “वहिनी, आता बरं वाटतंय ना तुम्हाला?”

ती कधी खोटं बोलत नाही. “नाही,” ती म्हणाली.

“मलाही नाही,” भावजी म्हणाले.

ते स्वतःच्या पायांवर उतरून खुर्चीपर्यंत चालत गेले. जे मी सगळा उन्हाळा मनातल्या मनात मागत होतो ते मला मिळालं होतं, आणि मला भडभडून आलं. तेवढ्यात पलीकडे पुढच्या गटाची शर्यत सुटली. सगळी इंजिनं एकदम ओरडली. भावजींनी डोळे मिटून घेतले. ते बघत नव्हते, नुसते ऐकत होते, आणि प्रत्येक वळणावर त्यांचे खांदे आपसूक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलत होते. आम्हा दोघांना तिथून उठवेना. ती शर्यत संपेपर्यंत आम्ही त्यांच्याजवळ बसून राहिलो.