वजनकाट्यावरचं सॉफ्टवेअर आणि साळवे भाऊसाहेब

नव्वदच्या दशकाची अखेर होती. ऐन गळीत हंगामात, सकाळी आठ वाजता, मी आपल्या नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर स्टॉपवॉच घेऊन उभी होते…

उसाच्या गाडीचं वजन करून पावती देणारा तिथला प्रोग्रॅम डॉसवरचा होता. काळा पडदा, सूचना एकही नाही, सगळा कारभार पाठ असलेल्या बटणांवर. त्याच्या जागी विंडोजवरचं नवं सॉफ्टवेअर घ्यावं की नाही, याचा निवाडा करायला मला भिंगारहून बोलावलं होतं. संगणकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी मी पहिल्या क्रमांकाने मिळवली होती, आणि हे लोकांनी विसरावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

मी तक्ता आखून आणला होता. एक रकाना नवशिक्यांचा, एक तज्ज्ञांचा.

नवशिकी म्हणून तिसगावची सुनंदा… नुकतीच बी.कॉम. झालेली, दोनच दिवसांपूर्वी कामावर आलेली. तज्ज्ञ म्हणून साळवे भाऊसाहेब. सहा हंगाम हाच काटा सांभाळत होते, पण नोकरी अजून हंगामीच. नवं सॉफ्टवेअर त्यांना जमलं नाही तर पुढच्या वर्षी त्यांना बोलावणार नाही, असं ऑफिस सुपरिंटेंडेंट मला सहज सांगून गेले. त्याचं मला तेव्हा फारसं ओझं वाटलं नाही, हे कबूल करते.

जुन्या प्रोग्रॅमवर सुनंदाला पहिली पावतीसुद्धा काढता येईना. साळवे मात्र पडद्याकडे न बघता धडाधड पावत्या काढत होते.

नव्यावर सगळं उलटं झालं. माऊस हातात आल्यावर साळव्यांचा बाण पडद्यावर कुठेही भरकटायचा, आणि वर ते सारखी मान वळवून खिडकीबाहेर बघायचे. मी नोंद केली… ‘लक्ष एकाग्र होत नाही.’

बाहेर गाड्यांची रांग वाढत चालली. एका गाडीवानाने खिडकीत डोकं घातलं. “भाऊसायेब, टीव्ही बघताय व्हय? बैलं खोळंबल्यात.” साळवे कसनुसं हसले.

मग सुनंदा बसली. पहिल्या सहा पावत्या तिने बिनचूक काढल्या, आणि माझा निर्णय मनातल्या मनात झालाही. सातवी बैलगाडी काट्यावर आली. पडद्यावर आकडा उमटला, सुनंदाने माऊस ‘पावती’च्या बटणावर नेला…

“थांब पोरी,” मागे उभे असलेले साळवे हळूच म्हणाले. “एक चाक काट्याच्या भायेर हाय.”

मी डोकावून पाहिलं. खरंच, चाक निम्मं जमिनीवर टेकलेलं होतं. पडद्यावरचा आकडा मात्र निःशंक होता. सॉफ्टवेअरने तक्रार केली नव्हती, आणि मीही नाही. वजन कमी भरून त्या शेतकऱ्याचा कित्येक क्विंटल ऊस हवेत गेला असता, आणि माझ्या तक्त्यात ती पावती ‘अचूक’ म्हणून नोंदली गेली असती.

तुमच्या कसं लक्षात आलं, असं मी साळव्यांना विचारलं.

“त्यात काय मॅडम… जुन्यावर हात आपला चालतो, डोळं भायेर ऱ्हात्यात. ह्या नव्यात डोळं आतच आडकत्यात. म्हनून तर मला येळ लागत हुता.”

मी पुरती गोंधळले. जुना प्रोग्रॅम वाईटच होता, यावर मी आजही ठाम आहे. पण त्याने एका माणसाचे डोळे मोकळे ठेवले होते. नवा चांगला होता, सुनंदा तो तासाभरात शिकली… पण ती काटा शिकली की पडदा? आणि साळवे तज्ज्ञ होते, ते नेमके कशातले?

त्या दुपारी मी अहवाल तीनदा लिहिला, तीनदा फाडला. शेवटी दोनच वाक्यं उरली. कोणतं सॉफ्टवेअर श्रेष्ठ हे मला सांगता येत नाही. साळवे यांना काट्यावरून हलवू नये. एवढ्यासाठी तुम्हाला बोलावलं होतं का, असं सुपरिंटेंडेंटसाहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

पुढच्या हंगामात नवं सॉफ्टवेअर आलं. सुनंदा पडद्यासमोर बसायची आणि साळवे तिच्या शेजारी, बाहेर बघत. ते “हं” म्हणाले की ती बटण दाबायची. एका माणसाच्या कामाला दोन माणसं… माझ्या शास्त्राप्रमाणे ही सदोष रचना आहे. तिच्यात सुधारणा सुचवायचं धाडस मात्र मला आजवर झालेलं नाही.