जांभळ्या दोऱ्याची परवानगी

आमच्या हिचे मामा जन्माला आले नसते, तर आज जगातल्या निम्म्या संगणकांनी एकमेकांच्या खिशात हात घातले असते, हे मी छातीठोकपणे सांगतो. निम्मे हा माझा अंदाज. मामांना विचाराल तर ते चष्मा कपाळावर चढवून म्हणतील, "का हो, आपण मोजून आलात वाटतं?"

मामा मायक्रोप्रोसेसर घडवायचे, आणि त्यांचा खास विषय म्हणजे मेमरीचं संरक्षण. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या जागेत ढवळाढवळ करू नये, यासाठी चिपमध्येच करून ठेवायचा बंदोबस्त. मला हे कळलं ते जेवणाच्या ताटावर. नवा जावई म्हणून कर्वेनगरला त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, आणि माझ्या खणांच्या ताटात आमटी भिंत ओलांडून श्रीखंडात शिरली. मी मुकाट्याने खायच्या बेतात होतो. मामांनी माझं मनगट धरलं. "थांबा! हाच तो घोटाळा. भिंती उंच करून काही होत नाही, जावईबापू. आपण कुठे वाढतोय, हे पळीला कळलं पाहिजे." आणि मामींच्या शिवणाच्या डब्यातून दोरे आणून त्यांनी आमटीच्या पळीला लाल, आमटीसाठी वेगळ्या घेतलेल्या वाटीला लाल, श्रीखंडाच्या चमच्याला पिवळा असे बांधायला घेतले. "मेमरीच्या प्रत्येक कप्प्याला एक खूण. तिकडे निघालेल्या प्रत्येक पत्त्यालाही तीच खूण. जुळली तर आत. नाही जुळली तर जागच्या जागी अटक!"

"आणि पाहुणा उपाशी," मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

याच कल्पनेवर मामांना पेटंट मिळालं. त्या वेळी त्यांच्या साहेबांना म्हणे एक जादा खूण हवी होती, कुठल्याही कप्प्याला चालणारी. मामा म्हणाले, "मग कुलूप कशाला लावता? पडदा लावा." बढती हुकली, पण मामांच्या चिपमध्ये चोरवाट शिरली नाही. घरात तर मुळीच नाही. टॉवेलांना दोरे, छत्र्यांना दोरे, वर्तमानपत्राच्या पुरवणीला मामींचा हिरवा दोरा. तो सुटेपर्यंत मामा शब्दकोड्याकडे नुसते लांबून बघत. खोलीच्या पडद्याबाहेर उभे राहून ते टकटक करत, आणि पडदा वाजत नाही म्हणून तोंडाने "टकटक" म्हणत. एकुलती लेक मुक्ता, तिच्या लग्नात त्यांनी वाढप्यांच्या सगळ्या पळ्यांना दोरे बांधले. व्हायचं तेच झालं. विहीणबाईंच्या घासात लाल दोरा आला. मांडव गार पडला. मामा मात्र हर्षभरित होऊन ओरडले, "लाल ना? म्हणजे आमटी बरोबर जागी पोचली!"

मग मामी गेल्या. मामांनी त्यांच्या कपाटाच्या मुठीला एक जांभळा दोरा बांधला. घरात दुसरा जांभळा दोरा नव्हता. मुक्ता एकदा आली आणि म्हणाली, "बाबा, आईची एक साडी न्यायची होती." मामा म्हणाले, "दोरा आहे?" मुक्ता म्हणाली, "मी तुमची मुलगी आहे, बाबा. प्रोग्रॅम नाही." तिच्या सासरच्या येरवड्यापासून कर्वेनगर म्हणजे काही परदेश नव्हे; पण त्यानंतर ती येईनाशी झाली. कुणी विचारलं की मामा म्हणत, "ट्रॅफिक फार असतो हो त्या बाजूला." आणि पानातलं श्रीखंड तसंच ठेवत.

परवा सकाळीच त्यांचा फोन आला. "तुळशीबागेत चला. जांभळा दोरा घ्यायचाय." दुकानात त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून नमुना दाखवला. दुकानदाराने जांभळ्या रिळांची रांग मांडली. एक फार गडद, एक फार चकचकीत.

"काका, फॉलच लावायचाय ना? दिसत नाही तो."

"फॉल नाही, लेकीला घरी आणायचंय."

"तो रंग आमच्याकडे येत नाही," दुकानदार म्हणाला आणि रिळं आवरायला लागला.

बाहेर आल्यावर मामा हळूच म्हणाले, "मिळायचा नाहीच. आमच्या हिच्या इरकलीच्या पदराचा दोरा आहे हा. जोडीचा कधी ठेवलाच नाही मी."

"म्हणजे तुम्ही स्वतःसुद्धा…"

"मला कुठली परवानगी? ती गेल्यापासून कपाट बंदच आहे."

पण मामांपुढे गंभीर राहणं मला कधीच जमलेलं नाही. "मामा, नमुना म्हणून दोरा खिशात घालून आणलात. मग आत्ता कपाटाला काय आहे?"

मामांचा चेहरा असा झाला, की पेटंट परत करायला निघतात की काय! "अरे देवा. उघडंच आहे की!"

"मग आता घ्या कात्री आणि करा एकाचे दोन. जोडी तयार."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच थोड्या आदराने पाहिलं. समोरच्याच दुकानातून कात्री घेतली, दोरा कापला, आणि त्याच पावली आम्ही रिक्षाने येरवडा गाठला. मुक्ताच्या दाराला चांगली घंटा होती. मामांनी टकटक केली. तिने दार उघडलं. मामांनी अर्धा दोरा पुढे धरला. "परवानगी. साडी तुझ्या आवडीची घे."

मुक्ताने दोरा हातात घेतला, ओळखला. मग म्हणाली, "आणि तुमचा?"

"दुसरा अर्धा कपाटाला लागेल ना."

"म्हणजे तुम्ही बाहेरच?"

मामा नुसते चष्मा पुसत राहिले. मुक्ताने माझ्या हातातली कात्री घेतली आणि आपल्या अर्ध्याचे पुन्हा दोन केले. मामांच्या वाट्याला आला तो तुकडा इतका तोकडा होता, की बोटाला गाठसुद्धा बसेना.

परतताना रिक्षात मुक्ता आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. तीच बोलत होती, ट्रॅफिकला नावं ठेवत होती. मामा हूं हूं करत होते. कर्वेनगर येईपर्यंत त्यांनी उजवी मूठ उघडली नाही.