बुवांचा डावा हात

भावजयबाई, तुझ्याबद्दल लिहायला बसले तर पहिली अडचण ही, की तुला कुणी पाहिलेलंच नाही. तुझा हात मात्र घराघरांत ओळखतात. हे छापायला द्यायचं आहे, म्हणून तुला ठाऊक असलेलंही सांगणार आहे. मध्येच "ताई, किती हे पाल्हाळ" म्हणू नकोस. पाल्हाळ लावायला धीर लागतो, तो मला नाही.

तर, अठरा वर्षं चालू असलेली एक टीव्ही मालिका. ताऱ्यांमधून भरकटणारं एक जहाज, आणि त्यावरचा सगळ्यांत जुना प्रवासी म्हणजे परग्रहावरचा एक म्हातारा. मालिकेत त्याला जीभ अडखळेल असं नाव आहे. स्टुडिओत सगळे त्याला बुवा म्हणतात. बुवा म्हणजे लाकडी सांगाडा, रबरी तोंड आणि जमिनीवर लोळणारा झगा. डोळे आणि ओठ एक तंत्रज्ञ बाहेर बसून रिमोटने हलवतो. झग्याच्या आत दोन बुटकी स्टुलं. उजव्या स्टुलावर माझा धाकटा भाऊ, डाव्यावर तू. उजव्या बाहीत त्याचा हात, डाव्या बाहीत तुझा. नवरा-बायको मिळून एक म्हातारा.

बुवांना चारच बोटं. त्यामुळे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकाच रबरी बोटात कोंबायचं. हे इतकं अंगवळणी पडलं, की घरी कप धरतानाही तुझी ती दोन बोटं चिकटलेली. मी एकदा विचारलं, "संधिवात का गं?"

"नाही ताई, पगार," तू म्हणालीस.

मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. धडधाकट माणसं रबरी बाहुल्याच्या पोटात बसून कमावतात, हा काय उद्योग, असं मला वाटायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायचे.

त्या वर्षी नव्या भागांचं काम सुरू व्हायच्या आधी धाकट्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी अंगठा, मग मनगट. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तो हळूहळू वाढेल म्हणाले, आणि गाडी चालवायला बंदी केली. स्टुडिओत कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या स्टुलावर दुसरं कुणी बसलं असतं. अशा कामात कुणी कुणासाठी थांबत नाही.

"हे एक वर्ष पुरं करू दे," धाकटा म्हणाला. "शेवटच्या भागापर्यंत. माणसाला अर्ध्यात टाकून जात नाहीत."

"कुठल्या माणसाला?" मी विचारलं.

"बुवांना."

मी हसणार होते. तुझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तुमची ड्रायव्हर झाले.

स्टुडिओ म्हणजे एक अवाढव्य पत्र्याची शेड. जहाज प्लायवुडचं, दरवाजे दोरीने ओढायचे, आणि तारे म्हणजे काळ्या पडद्यामागचे दिवे. मी मनात म्हटलं, बघा, यासाठी लोक जेवणं थंड करतात! त्यात तुमचं गाडीत सुरू झालेलं भांडण संपलेलं नव्हतं. खिडकी उघडी राहिली ती कुणामुळे, हा प्रश्न. तुम्ही झग्यात शिरलात आणि ते तिथेही चालू. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानांवरचं यंत्र काढलं आणि ओरडला, "बुवांच्या पोटात भांडण लागलंय! मिटलं की हाक मारा!"

सगळी शेड हसली. आतून तुझा आवाज आला, "मिटलंय. खिडकी यांनीच उघडी टाकली."

मग दिवे लागले. मी मागच्या बाजूला उभी होते, म्हणून मला दोन्ही दिसत होतं. झगा पाठीकडून उघडा होता. आत दोन घामेजलेल्या पाठी, खांद्याला खांदा, गुडघ्याला गुडघा. तुझ्या चपला स्टुलाखाली काढून ठेवलेल्या. आणि बाजूच्या छोट्या पडद्यावर एक फार फार जुना जीव रडणाऱ्या कप्तानाचा चेहरा दोन्ही हातांत घेत होता. दोन्ही हात एकाच क्षणी उठले, एकाच क्षणी थबकले. घाबरलेल्या पाखराला धरावं तसे. मी पाठींकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाठींकडे. या दोघांतून तो तिसरा कुठून आला, ते मला कळेना. अजून कळलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी तुला विचारलं, "इशारा कोण करतं?"

"कुणी नाही. ते श्वास घेतात, मी घेते. नाहीच जमलं तर गुडघा मारते."

"जोरात मारते," धाकटा म्हणाला.

उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात. तुमचं सगळं पोट भरत होतं ते कळण्यावर.

काही आठवडे निभावलं. मग तो काचेच्या गोळ्याचा प्रसंग आला. बुवांनी उजव्या तळव्यावर प्रकाशाचा गोळा घेऊन कप्तानापुढे धरायचा होता. गोळा हातावर ठेवला आणि तळवा थरथरायला लागला. पुढच्या क्षणी तुझा डावा हात झग्यावरून सावकाश सरकत आला. घाई नाही, धांदल नाही. तो उजव्या हातावर असा विसावला, जणू बुवांना काहीतरी फार जुनं आठवलं असावं. थरथर थांबली. गोळा स्थिर. कप्तान आपलं वाक्यच विसरला.

दिग्दर्शक झग्यापाशी आला. "वहिनी, हे कागदावर नव्हतं."

"बुवांना वाटलं," तू आतून म्हणालीस.

त्याने छोट्या पडद्यावर ते पुन्हा पाहिलं. "वाटू दे. दरवेळी वाटू दे."

झालं! तेव्हापासून बुवा बोलायला लागण्यापूर्वी डावा हात उजव्यावर ठेवू लागले. लेखकांना कारण लागतंच. त्यांनी बसून शोधून काढलं, की बुवांच्या जमातीत दोन हात म्हणजे दोन वेगळे जीव असतात आणि ते आयुष्यभर एकमेकांची ओळख करून घेत असतात. ते वाचून धाकटा म्हणाला, "आत डोकावले की काय मेले?"

ते भाग टीव्हीवर येऊ लागले, आणि एके दिवशी दवाखान्याबाहेर मी पाहिलं. व्हीलचेअरवरची एक बाई आणि तिला घ्यायला आलेला तिचा मुलगा. त्याने जवळ येऊन आपला डावा हात उजव्यावर ठेवला. तिनेही ठेवला. चारच बोटं दिसतील असे, करंगळी दुमडून. मी गाडीपाशी किल्ली हातात धरून नुसती उभी राहिले. धाकट्याचं दुखणं लपवायला तू जे केलंस, त्याच खुणेने आपल्याला अनोळखी माणसं एकमेकांना भेटत होती.

त्या वर्षाच्या शेवटच्या भागात मात्र गाठ होती. जहाजाची तरुण चालक बाहेरच्या अंधारात एकटी जाणार, आणि बुवा तिच्या कमरेला दोर बांधणार. गाठ म्हणजे दोन हात आले. झाकायचं काय आणि कशाने? महिनाभर तुम्ही दोघांनी स्वयंपाकघरात टॉवेलची, दोरीची, माझ्या ओढणीची गाठ मारून पाहिली. बरीचशी जमायची. कधी अजिबात नाही.

त्या दिवशी नाही जमली. पहिल्याच वळशाला उजवा हात बिथरला. मला वाटलं, आता तू झाकशील. तू झाकलं नाहीस. डावा हात दोराचं टोक धरून मागे सरला आणि तळवा वर करून थांबला. नुसता थांबला. सगळ्यांच्या देखत उजवा हात थरथरत, चुकत, पुन्हा येत त्या तळव्यापर्यंत पोचला. वळसा पडला. टोक निसटलं. डावा पुन्हा थांबला. चालक झालेली पोरगी रडत होती आणि ते कागदावर नव्हतं. दिग्दर्शकाने थांबा म्हटलं नाही. गाठ बसली.

तो मागे आला, झग्याची कड उचलून उकिडवा बसला. "दादा, कधीपासून?"

तू म्हणालीस, "गोळ्याच्या आधीपासून."

"म्हणजे ते हातावर हात..."

"लेखकांना सांगू नका," धाकटा म्हणाला. "त्यांना वाटतंय त्यांना सुचलं."

दिग्दर्शक हसला, आणि मग त्याला डोळे पुसावे लागले. पुढच्या वर्षी थरथर ठेवूनच लिहू म्हणाला. धाकट्याने मान हलवली. "नको. मला पुरं करायचं होतं, ते केलं." त्याने रबरी पंजा स्वतःच ओढून काढला, बराच वेळ लावून, आणि तुझ्या पिशवीत टाकला.

आता उजव्या स्टुलावर स्टुडिओच्या बाहुल्या बनवणाऱ्या कारखान्यातली एक बाई बसते. तिला तू तयार केलंस. गुडघे मारून, असं ऐकते. धाकटा घरी खुर्चीत बसून बघतो आणि दर भागाला म्हणतो, "श्वास चुकला तिचा."

तो पंजा स्टुडिओचा आहे. कपडेपटातल्या बाईंकडे दर वर्षीचे पंजे फळीवर जोडीने ठेवलेले असतात, आणि त्या वर्षीचा डावा एकटाच आहे. त्यांचा दोनदा फोन आला, "वहिनी, उजवा हात आणताय ना?" गाडी मी काढायची, आत जाऊन द्यायचा तू, असं ठरलं. एकदा आपण निघालोही. पिशवी तुझ्या मांडीवर होती. कोपऱ्यावर तू म्हणालीस, "ताई, पेट्रोल भरायचंय ना?" टाकी भरलेली होती. मी हो म्हटलं. पंपावर गेलो, समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि घरी आलो. पंजा टीव्हीशेजारी धाकट्याच्या हाताला लागेल असा पुन्हा ठेवलास.

"गुरुवारी नक्की," तू म्हणालीस.

"नक्की," मी म्हटलं. कुठला गुरुवार, ते तूही बोलली नाहीस, मीही विचारलं नाही.