अकरा मात्रांचं भांडण

चिडक्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच येऊन अंगावर पडतात. शांत माणसाकडे सांगण्यासारखं काय असतं? तो नमस्कार करतो आणि घरी जातो. माझं तसं नाही. दहिसरला आमची बेंजो पार्टी आहे. हळदी, वराती, पूजा, गणपती, सगळं करतो. मी ऑक्टापॅड वाजवतो, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रिक तबला समजा. बावीस वर्षं वाजवतोय आणि बावीस वर्षं भांडतोय. पण गेल्या दोन वर्षांतली सगळी भांडणं एकाच गोष्टीवरून झाली. प्रोग्रेसिव्ह रॉक. हसू नका.

*

सुरुवात तुषारने केली. आमचा कीबोर्डवाला. दिवसा लिफ्ट रिपेअर करतो. एका हळदीला जाताना त्याने टेम्पोत स्वतःचा पेन ड्राइव्ह लावला. कुठल्यातरी परदेशी बँडचं गाणं, ह्यालाच म्हणे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. चेकनाक्याला सुरू झालं ते बोरीवली आली तरी संपेना. मधेच ऑर्गन, मधेच बासरी, मग सगळे गप्प, मग कोणीतरी माळ्यावरची भांडी खाली टाकल्यासारखा आवाज. गाणारा माणूस आठव्या मिनिटाला उगवला.

"तुषार, बंद कर ते. डोकं उठलं."

"संपतंय दादा. अजून चौदा मिनिटं फक्त."

खरं सांगू का, मला राग गाण्याचा आलाच नव्हता. माझी बोटं मांडीवर ठेका धरत होती आणि ठेका सापडत नव्हता. आता सम आली म्हणावं, तर ती गेलेली असायची. बावीस वर्षं लोकांना नाचवलेल्या माणसाला साधी सम सापडू नये? मी पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला. रस्त्यात फेकणार होतो. फेकला नाही.

*

पुढचे दहा-बारा दिवस मी रोज तेच लावून बसायचो. बायको वैतागली.

"आवडत नाही ना तुम्हाला? मग कशाला ऐकता?"

"आवडत नाही म्हणूनच ऐकतोय. मोजल्याशिवाय सोडणार नाही."

"मग माझ्या वडिलांकडे जा. ते तरी मोजायला शिकलेत."

हे असं जिव्हारी लागेल असं बोलायला तिला कोणी शिकवावं लागत नाही. पण गेलो.

*

माझे सासरे तात्या. वय चौऱ्याहत्तर. दोन गल्ल्या पलीकडच्या चाळीत राहतात. मूळचे देवगडकडचे, आधी गिरणीत होते आणि आयुष्यभर भजनात पखवाज वाजवला. मंडळ मोडलं तसा पखवाज कपाटावर गेला. एरवी ते मला अहोजाहो करतात, 'जावईबुवा' म्हणतात. मी फोन त्यांच्यासमोर ठेवला आणि गाणं लावलं. त्यांनी डोळे मिटले. दहाव्या मिनिटाला मला वाटलं, म्हातारा झोपला.

"सात मात्रांचां आसा," ते डोळे न उघडता म्हणाले. "फुडे अकरा होतंत. मगे परत सात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मोजलंय. तू काय करीत होतंस?"

लग्नानंतर पहिल्यांदा मला 'तू' म्हणाले. मग म्हणाले, "परत लाय."

परत लावलं. ह्या वेळी मांडीवर सात धरले, आणि ती माळ्यावरची भांडी जिथे पडायला हवीत तिथेच पडली. अंगावर काटा आला हो. मला ते इतकं आवडलं की तुषारचाच राग आला. इतकी वर्षं लपवून कशाला ठेवलंन?

*

मग आम्ही स्वतःचंच एक बसवलं. दर रविवारी दुपारी तात्यांच्या खोलीत. तात्या पखवाज, तुषार कीबोर्ड, मी ऑक्टापॅड आणि आमचा विलास बेंजोवर. एकोणीस मिनिटं, सगळं अकरा मात्रांत. नाव ठेवलं 'अकरा'. दुसरं सुचलं नाही. विलासला ते शेवटपर्यंत आवडलं नाही. म्हणाला, "वाजवीन, पण लोकांकडे तोंड करून नाही वाजवणार. लाज वाटते." आणि खरंच पाठ करून वाजवायचा.

तेवढ्यात चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांना भाड्याच्या फ्लॅटात जायचं होतं. तात्यांनी सांगितलं, मी कायमचा गावी जातो.

"फ्लॅटात माका पखवाज वाजवूक कोण देतलो?"

म्हणजे ते जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर 'अकरा' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं. एवढंच मागत होतो मी. पण देतंय कोण?

*

बोरीवलीच्या एका हळदीत संध्याकाळी सहाच्या सुमारास डान्स ऐन रंगात आला होता. तात्यांना आम्ही ढोलवाल्याच्या शेजारी बसवलं होतं. मी तुषारला खूण केली आणि आम्ही घुसवलं 'अकरा'. पहिल्या दोन आवर्तनांतच लोक एकमेकांवर आदळायला लागले. नवऱ्याच्या मामाचा एक पाय वर गेला तो खाली कधी आणायचा हेच त्याला कळेना. तो लंगडी घालत माझ्यापर्यंत आला.

"मास्तर, तुमचा कोणीतरी माणूस चुकतोय."

"कोणी चुकत नाहीये. अकरा मात्रा आहेत."

"असतील. पण आम्हाला पाय दोनच आहेत ना!"

सगळी हळद हसली. मी सोडून. दोन मिनिटं चाळीस सेकंद वाजलं होतं.

*

अंधेरीच्या एका कॅफेत म्हणे रविवारी दुपारी 'वेगळं संगीत' वाजवतात. तुषारने ओळख काढली आणि आम्ही तात्यांना घेऊन गेलो. मला वाटलं, इथे तरी आपली माणसं भेटतील. तिथल्या पोराने आमचं रेकॉर्डिंग ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "अमेझिंग आहे सर. फक्त तीन मिनिटांत बसवा. आणि सगळ्यांनी फेटे घाला."

"फेटे कशाला?"

"फोक फील येतो ना."

"तुमच्याकडे गिटारवाले येतात, त्यांना काय घालायला सांगता?"

"त्यांना काय, ते नॉर्मल कपड्यांत येतात."

माझं टाळकं फिरलं. "मग आम्ही काय ॲबनॉर्मल आहोत?" म्हणून मी जो आवाज चढवला तो कॉफी पिणाऱ्या सगळ्यांनी ऐकला. तुषार मला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. तात्या मात्र आतच राहिले. दहा मिनिटांनी आले ते ओठांवरचा फेस पुसत. "कॉफी बरी होती," म्हणाले.

*

मुलुंडच्या किश्शाची मला अजून लाज वाटते. एका सोसायटीच्या स्नेहसंमेलनात सकाळच्या कार्यक्रमात आम्हाला अर्धा तास दिला होता. लोक खुर्च्यांवर बसलेले, नाचायचा प्रश्नच नाही. सोळा मिनिटं झाली. सोळा! अजून तीन राहिली होती. तेवढ्यात एक काका स्टेजवर चढले आणि त्यांनी माझ्यापुढे फर्माईशीची चिठ्ठी धरली.

मी काठ्या फेकल्या. म्हणालो, "काका, तुम्ही देवळात आरती चालू असताना भटजींना चिठ्ठी देता का?" ते म्हणाले, हे देऊळ नाही. मी म्हणालो, मग काय बाजार आहे? झालं, सगळं तिथेच थांबलं. सेक्रेटरी आले, माइक बंद झाला.

परतीच्या रस्त्यावर तात्या टेम्पोत खिडकीबाहेर बघत बसले होते. मी काकांना शिव्या घालत होतो. तात्या तिथूनच म्हणाले,

"त्यांनी नाय मोडल्यानी. तू मोडलंस."



*

तात्या जायच्या आदल्या रविवारी चाळीची शेवटची सत्यनारायणाची पूजा होती. अर्ध्या खोल्यांना कुलपं लागली होती. दुपारचे चार, प्रसाद वाटून झालेला, चौकात पन्नासेक माणसं. आम्ही मांडून बसलो आणि कोणाला न विचारता 'अकरा' सुरू केलं.

चौथ्या मिनिटाला कमिटीचा सेक्रेटरी कदम आला. "दादा, पब्लिकला नाचायचंय. शेवटची पूजा आहे यार."

माझ्या जिभेवर शिवी आली होती. समोर तात्या डोळे मिटून वाजवत होते. तोंड उघडलं असतं तर माझे अकरा सुटले असते. मी शिवी गिळली आणि वाजवत राहिलो. सातव्या मिनिटाला कदम परत आला, ह्या वेळी ओरडत. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. माझे कान तापले होते, पण मोजत होतो.

बाराव्या मिनिटाला त्याने जाऊन मेन स्विच पाडला.

कीबोर्ड गेला. स्पीकर गेले. माझ्या काठ्यांखाली नुसतं रबर टपटप वाजायला लागलं. उरला तो तात्यांचा पखवाज. ते थांबले नाहीत, डोळेही उघडले नाहीत. मी शेजारचा प्रसादाचा रिकामा टोप ओढला, पालथा घातला आणि त्यावर सुरू झालो. तुषार कीबोर्डचा भाग तोंडाने म्हणायला लागला. विलासने पाठ फिरवली होती ती वळवली, लोकांकडे तोंड केलं आणि स्पीकरशिवाय जेवढा वाजतो तेवढा बेंजो वाजवला. नाचायला उभी राहिलेली माणसं हळूहळू ओट्यांवर बसली. कदम स्विचवर हात ठेवून उभाच.

एकोणीस मिनिटं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझा शर्ट घामाने चिकटला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, लपवण्यात अर्थ नाही.

तात्यांनी पखवाजावर हात ठेवला आणि डोळे उघडले. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलणार.

"बाराव्या मिन्टाक तू एक मात्रा खाल्लंस."

"तात्या, लाईट गेली होती!" मी ओरडलोच. "त्या कदमाने स्विच पाडला!"

तात्यांनी एकदा कदमकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मात्रेक लाईट लागता काय? धर, पयल्यापासून."