हळद-दूध पाजून आणलेला कुत्रा

मस्कतमध्ये हमरियाजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात एक मराठी मदतनीस होता. गावी न्यायच्या बॅगेतली काळी चॉकलेटं आमच्या शेरूने तासाभरापूर्वी खाल्ली होती.

"कुत्र्याला हे विष असतं. किती खाल्ली? रॅपर आणलंय?" मदतनिसाने विचारलं.

"नाही. पण आईने फोनवर सांगितलं म्हणून हळद-दूध पाजलं," मी चाचरलो.

"वा! आता अंगारा लावला की झालं. शिकता काय?"

"बीएस्सी. घरातला पहिलाच."

"तरीच. पुढच्या वेळी पहिला फोन आम्हाला, मग आईला."

बोलताना त्याने शेरूचं वजन केलं. डॉक्टरांनी इंजेक्शन देताच शेरूला भडभडून उलटी झाली. मदतनिसाने स्वतःच्या रुमालाने त्याचं तोंड पुसलं.

"खलास, बाळा," तो इथल्या अरबी ढंगात म्हणाला, म्हणजे 'झालं, संपलं'. "वाचलास."

मला त्याने एकदाही धीर दिला नाही. तो सगळा शेरूसाठी राखून ठेवला होता.