रुमालाखालचा जोडीदार

आम्हा यंत्रमागावरच्या लूमवाल्यांच्या छातीच्या एक्स-रेत टीबी आहे का, हे कंप्युटरला ओळखता येतं का, याचं संशोधन भिवंडीत चाललं होतं. एक्स-रे काढणारे काका आमच्या लूमजवळच्या टपरीवर रोज चहाला यायचे. तपासताना आधी ते स्वतः एक्स-रेचा फोटो बघायचे, तेवढा वेळ कंप्युटरच्या तोंडावर, म्हणजे पडद्यावर, रुमाल. "माझं ऐकून बोलंल तं काय उपेग?" कंप्युटर चुकला की त्यालाच विचारायचे, "डबल शिफ्ट झाली का रं?"

एक दिवस माझ्या फोटोला 'साफ' लिहून त्यांनी रुमाल उचलला. कंप्युटरने छातीत एका डागाभोवती गोल काढला होता. टीबी निघाला तर शेठ कामावरून काढणार, मग लातूरला घरी कुठल्या तोंडाने जाऊ?

काका रागावले नाहीत. "ह्यो उगाच बोलत न्हाय," म्हणत त्यांनी माझी पाठ चाचपली. आईने बांधलेला कापडी ताईत काढायला नको म्हणून मी पाठीवर सरकवला होता. तो त्यांच्या हाताला लागला, तेव्हा आईचा आहे म्हणून सांगितलं.

"अरे, तुझी आय दिसली त्याला!"

ताईत टेबलावर ठेवायला मी तयार होईना. काकांनी तो स्वतःच्या गळ्यात घातला आणि माझा पुन्हा फोटो काढला. या खेपेला काका आणि कंप्युटर, दोघांचंही उत्तर 'साफ' आलं.

मी काकांना हात जोडले, मग कंप्युटरलाही.